एक्केचाळीस निरोप

"सर, ही रांग अजून किती वर्षं टिकेल?" अश्लेषाने ज्युलियस तुस्कानोला विचारलं. प्रश्न साधा होता. बुधवारची सकाळ होती, गोखिवऱ्यातल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसरा मजला होता, काचेच्या केबिनमध्ये एसीचा गारवा आणि शेजारच्या लॅबमधून झिरपणारा स्पिरिटचा वास होता, आणि समोर चौतीस वर्षांची, चारच महिन्यांपूर्वी येऊन आपली साहेब झालेली, तरीही आपल्याला न चुकता 'सर' म्हणणारी ही मुलगी होती. तिच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला चिडता आलं असतं. तिने आपलं सहज विचारलं, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याबद्दल नातेवाईक डॉक्टरला बाहेर नेऊन विचारतात तसं. "शुक्रवारपर्यंत एक पान द्या. ठेवायची की काढायची. तुम्ही म्हणाल तेच मी वर पाठवणार आहे. तुमच्याएवढं ते कोणालाच माहीत नाही ना." तो "हो, देतो" म्हणाला आणि आपल्या टेबलाशी येऊन बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्या केबिनमध्ये पेन विसरून आलोय, आणि ते आणायला परत जाण्याची आपली हिंमत नाही.

ती म्हणत होती ती रांग दिसण्यातली नव्हती. पालघर जिल्हाभर पसरलेल्या या पॅथॉलॉजी लॅबच्या डेटाबेसच्या पोटात ती होती. डेटाबेस म्हणजे माहितीची वखार, एवढं आता शेंबडं पोरही सांगेल; पण या वखारीत माल ठेवण्याखेरीज निरोप देण्याघेण्याचीही एक सोय मुळातच बांधलेली होती, आणि ती फार थोड्यांना ठाऊक होती. एकाने निरोप रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. दुसऱ्याने सवड होईल तेव्हा तो उचलायचा. दोघांनी एका वेळी जागं असायची गरज नाही. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी निरोप रांगेत बसून राहणार. ज्युलियसने अठरा वर्षांपूर्वी ही सोय हुडकून काढली होती, आणि पेशंटच्या रक्तात जीव घेण्याइतका वाईट आकडा निघाला की आपोआप एक निरोप रांगेत पडेल, फोनवाल्यांच्या खोलीत पडद्यावर लाल अक्षरात उमटेल आणि तिथला माणूस ताबडतोब पेशंटच्या घरी फोन लावील, असं सगळं त्याने एकट्याने बसवलं होतं. त्या फोनाने कितीतरी माणसं वेळेवर इस्पितळात पोचली होती. लॅबची सगळी इभ्रत त्याच्यावर उभी होती. रक्त घ्यायला घरोघर जाणारी माणसंसुद्धा सुई काढून कापूस दाबता दाबता सांगायची, "काळजीचं काही असलं तर आमचा फोन येतो. नाही आला, तर निवांत राहा."

बारा वाजेपर्यंत त्याने काहीच लिहिलं नाही. डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीला कोणीतरी हाच प्रश्न विचारला होता आणि तिने जे उत्तर दिलं होतं, ते त्याने पुन्हा उघडून वाचलं. ही सोय काढून टाकण्याचा आमचा विचार नाही. तीत नवीन काही घालण्याचाही विचार नाही. दोन वाक्यं. इतकं सरळ वाक्य माणसाबद्दल कोणी लिहीत नाही. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला हे असं तोंडावर सांगत नाहीत, नुसतं वागण्यातून कळू देतात. नव्या मीटिंगांची आमंत्रणं येईनाशी होतात, वाढदिवसाला मात्र केक येतो. त्याच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती, आणि रांग राहिली तर ती पाच वर्षं आपोआप निघून जाणार होती, कारण तिच्या आत काय चालतं हे त्याच्याशिवाय कोणाला कळत नव्हतं. रांग गेली तर त्याला ठेवायचं कारणच उरणार नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याला पोटापेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. ही एक गोष्ट आपण नीट केली, असं त्याला वाटत आलं होतं. बाकी आयुष्यात फारसं धड काही केलेलं त्याला आठवत नव्हतं. वडिलांची वाडी त्याला राखता आली नाही, गावात चार माणसांत उठून कधी बोलता आलं नाही, रेजिनाशी लग्न झालं तेही तिच्याच घरच्यांनी पुढाकार घेतला म्हणून. पण ही रांग मात्र त्याची होती. हिला काढा असं म्हणणाऱ्याला आपण आकडे तोंडावर फेकू, असं त्याने ठरवलं, आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून तो आकडे काढायला बसला.

निरोप म्हटलं की त्याला वडील आठवायचे. सांडोरला तेव्हा घरामागे वाडी होती, केळी आणि मध्ये मध्ये भाजीचे वाफे. सॅन्टन तुस्कानो विहिरीवर पंपाशी उभे राहायचे आणि सात वर्षांच्या ज्युलियसला वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या वाफ्यापाशी उभं करायचे. मध्ये केळींची एवढी दाटी की इकडचा माणूस तिकडच्याला दिसायचा नाही. पंप सुरू झाला की पाटातून पाणी वळत वळत, वाळलेली पानं पुढे ढकलत, खेकड्यांच्या बिळांत शिरत, फार सावकाश त्याच्यापर्यंत यायचं. पायाच्या बोटांना गार लागलं की त्याने ओरडायचं, "आयलं!" मग वडील पंप बंद करायचे. एकदा तो ओरडायचा विसरला होता. एका सरड्याकडे बघत बसला आणि पाणी कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या मुळ्यात गेलं. वडिलांनी मारलं नाही. गुडघ्यावर बसून, चिखलाचे हात त्याच्या खांद्यांवर ठेवून ते म्हणाले, "पानी पोचलं का नाय, मला तिथून दिसत नाय. तू ओरडला नाय तर मला काय समजनार? गप रायला म्हंजे पोचलं, असं नसतं." त्या मातीचा गार दाब त्याला अजून खांद्यांवर जाणवायचा. पुढे रांगेचं पुस्तक वाचताना त्याला तीच गोष्ट तिथे इंग्रजीत सापडली आणि तो एकटाच हसला होता. प्रत्येक निरोप म्हणजे दोन टोकांमधला एक उघडा संवाद. पलीकडचं टोक 'मिळालं' म्हणेल, किंवा 'जमलं नाही' म्हणेल; ते ऐकेपर्यंत अलीकडच्या टोकाने संवाद मिटायचा नाही. वडिलांना ही गोष्ट समजावून सांगावी असं त्याला फार वाटलं होतं, पण तोवर वडील गेले होते आणि वाडीच्या अर्ध्या भागावर चुलतभावाने चाळ बांधली होती.

तीन वाजता आकडे आले. आजवर रांगेत टाकलेले निरोप दोन लाख सतरा हजार आठशे सहा. फोनवाल्यांच्या खोलीत उमटलेले निरोप दोन लाख सतरा हजार सातशे पासष्ट. त्याने वजाबाकी मनात केली, मग कागदावर केली, मग मशीनकडून करून घेतली. एक्केचाळीस. आधी त्याला वाटलं, मोजण्यात गफलत असेल. जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर सगळं हलवलं तेव्हा काही ओळी दोनदा आल्या असतील. तसं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, कारण एवढ्यातच त्याला कळून चुकलं होतं की तसं नाहीये. त्या एक्केचाळिसांची यादी त्याने पडद्यावर काढली. नावं, गावं, तारखा, रक्तातला आकडा आणि फोन नंबर. फोन नंबराच्या रकान्यात प्रत्येकाच्या पुढे दोन दोन नंबर होते, मध्ये एक तिरपी रेघ. घरी जाऊन रक्त घेणारी माणसं कागदी फॉर्म भरून आणत आणि संध्याकाळी कोणीतरी तो जसाच्या तसा थेट डेटाबेसात टाइप करी. पडद्यावरच्या फॉर्मने दोन नंबर घेतलेच नसते. पण ही वाट मागच्या दाराची होती. निरोप रांगेत पडला, पलीकडच्या प्रोग्रॅमने उचलला, त्याला एका नंबराच्या जागी दोन दिसले, त्याला ते काही झेपलं नाही आणि त्याने शहाण्यासारखा उलटा निरोप पाठवला, जमलं नाही. तो ऐकायला अलीकडे कोणी नव्हतं. अलीकडचं टोक केव्हाच मिटलेलं होतं. म्हणून ना कुठे दिवा लागला, ना कुठे ओरड झाली. ज्यांनी काळजी म्हणून दुसरा नंबर दिला, एक नाही लागला तर दुसरा असावा म्हणून, नेमके त्यांनाच फोन गेले नाहीत.

अलीकडचं टोक का मिटलेलं होतं, हे बघायला त्याला काही उघडावं लागलं नाही. ती ओळ त्याची होती. सोळा वर्षांपूर्वीचा एक रविवार. भाचीचा चर्चमधला प्रथम ख्रिस्तप्रसादाचा विधी, मांडवात जेवणावळ, आणि त्याच्या हातात आंबटतिखट मटणाच्या इंद्यालची वाटी असताना फोन आला की सगळं ठप्प झालंय. फोनवाल्यांच्या खोलीतला प्रोग्रॅम 'मिळालं' म्हणायचं विसरत होता, त्यामुळे न मिटलेल्या संवादांचा ढीग साचत साचत डेटाबेस फुगला होता आणि काउंटरवर माणसं रिपोर्टसाठी बोंबलत होती. सुटातच तो गोखिवऱ्याला आला. पलीकडचं दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते. त्याने अलीकडे एक ओळ लिहिली, निरोप टाकला की लगेच संवाद मिटवायचा. उत्तराची वाट बघायचीच नाही. असं करू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकात ते जवळजवळ धमकी दिल्यासारखं लिहिलेलं होतं, आणि या कामातला कच्चा माणूस नेमकी हीच चूक करतो असंही लिहिलेलं होतं. सोमवारी नीट करू, असं तो स्वतःशी म्हणाला होता. सोमवारी लॅबच्या मालक डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काल ह्याने लॅब वाचवली." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर कालचं काम कच्चं होतं असं सांगायला जी छाती लागते, ती त्याच्यापाशी नव्हती. मंगळवारी दुसरं काम निघालं. मग ती ओळ तिथे राहिली ती राहिलीच, आणि सगळं इतकं सुरळीत चाललं की वर्षभरात तो स्वतःच विसरला की तिथे काही नीट करायचं आहे.

आता एक पान लिहायचं होतं. आणि ते कसं लिहायचं हे बसल्या जागी त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्याला स्वतःची किळस आली. रांग टिकाऊ आहे हे खरं होतं. अठरा वर्षांत तिने एकही निरोप हरवला नव्हता. दिलेला प्रत्येक तिने पोचवला होता आणि न जमलेल्या प्रत्येकाची तक्रारही इमानाने परत आणली होती. पण ती टिकाऊ आहे असं लिहायचं तर आकडे द्यायला हवेत, आकडे दिले की एक्केचाळीस निघणार, आणि एक्केचाळीस निघाले की ती ओळ निघणार. म्हणजे रांग वाचवायची तर स्वतः बुडायचं. आणि स्वतः वाचायचं तर लिहायचं की तंत्रज्ञान जुनं झालंय, काढा. कोणी आकडे मागणार नाही. जुनं काढायला पुरावा लागत नाही. नोकरी तशीही जाईल, पण सावकाश, केक कापून जाईल. त्याने दोन्ही वाक्यं मनात लिहून पाहिली आणि दुसरं वाक्य किती सहज उतरतंय ते बघून मशीन बंद केलं.

गुरुवारी तो कामावर गेला नाही. यादीतलं एक नाव एव्हरशाईन सिटीतलं होतं, दिनानाथ नावाचा अडुसष्ट वर्षांचा माणूस, तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्टातला शनिवार, पोटॅशियम सात पूर्णांक एक. पाचच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. साताला हृदय कधीही थांबू शकतं. बाकीची नावं नायगाव, नालासोपारा, विरार अशी लांब लांब होती. हे जवळचं होतं म्हणून तो तिथे निघाला, की माणूस जिवंत असेल, खुर्चीत पेपर वाचत असेल, आणि आपण खोटंच घाबरलो असं होईल म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. जिन्यात फिनेलचा वास होता. दाराला रांगोळीचा स्टिकर आणि वर तोरण. बेल दाबल्यावर आतून चपलांचा आवाज आला तेव्हा त्याने पळून जायचा विचार केला.

दार उघडणारी बाई साठीच्या पुढची होती, हातात गवारीच्या शेंगा. त्याने लॅबचं नाव सांगितलं. "लॅबमधून? आता?" ती म्हणाली. "अहो, ते जाऊन तीन वर्षं झाली." मग त्याच्या तोंडाकडे बघून तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती बाजूला झाली. "या, आत या. उन्हातून आलात." तिचं नाव आशालता. भिंतीवर दिनानाथरावांचा फोटो होता, बँकेच्या निरोपसमारंभातला असावा, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू. ज्युलियस सोफ्याच्या कडेवर टेकला. जुन्या नोंदी तपासतोय, एवढंच तो बोलू शकला. तेवढं तिला पुरे झालं. माणसं तीन वर्षं बोलायला कोणीतरी शोधत असतात, आणि आलेला माणूस कोण आहे हे ती फारसं विचारत नाहीत.

"किडनीचं होतं ना ह्यांचं," ती शेंगा मोडता मोडता सांगू लागली. "शनिवारी दुपारी तुमचा माणूस येऊन रक्त घेऊन गेला. मी दोन नंबर दिले मुद्दाम. एक माझा, एक ह्यांचा. म्हटलं, एक नाही लागला तर दुसरा लावा. तो म्हणाला, काकू, काळजीचं असलं तर आजच फोन येईल, नाही आला तर निवांत राहा, सोमवारी रिपोर्ट घ्या. आम्ही निवांत राहिलो. रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, छातीत कसंतरी होतंय. नेईपर्यंत आटपलं. डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतं तर." तिने शेंगांचं ताट खाली ठेवलं. "मी तुम्हाला एक विचारू? तुमच्याकडे नोंद असेल ना? त्या दिवशी फोन आला होता का?"

ज्युलियसला प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले. ती हे का विचारतेय ते कळलं नाही.

"मी त्या संध्याकाळी खाली भजनाला गेले होते," आशालता म्हणाली. "फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, आणि टाळ-मृदंग चाललेला. ह्यांना ऐकू कमी यायचं, त्यांच्या फोनचा उपयोग नव्हता. नंतर मुलीने माझा फोन बघितला. म्हणाली, नाही आलेला गं आई. पण ती माझ्यासाठी म्हणाली असेल. लगेच तो फोनही तिने बदलून दिला मला. का बदलला? मी रोज हाच विचार करते हो. तुमच्या लोकांनी लावला असेल, वाजून वाजून बंद झाला असेल, आणि मी तिथे टाळ्या वाजवत बसले. तुमच्याकडे लिहिलेलं असेल. खरं काय ते सांगा. मला राग नाही येणार."

इतका वेळ त्याला वाटत होतं की आपण इथे एका मेलेल्या माणसाची माफी मागायला आलोय. तो गुन्हा त्याने रात्रभर उलटासुलटा करून पाहिला होता, त्याला त्याची ओळख झाली होती. हा दुसरा होता, आणि तो चालू होता; रोज सकाळी उठून ही बाई मनातल्या मनात ती पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवत होती.  "नाही," तो म्हणाला. "फोन आला नव्हता, ताई."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः बघितलंय. आमच्याकडून गेलाच नाही. तुमचा फोन वाजलाच नाही त्या दिवशी."

 मग तिने पदर तोंडावर धरला आणि ती रडू लागली. मोठ्याने नाही, खांदे हलत होते आणि पदराआडून दमेकऱ्यासारखा श्वास येत होता. ज्युलियस हात मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याला, लाज वाटावी इतकं, बरं वाटत होतं. किती वर्षांनी त्याच्या हातून कोणाचं तरी काही हलकं झालं होतं. ते बरं वाटणं संपायच्या आत तिने डोळे पुसले आणि नाक ओढत विचारलं, "पण का नाही गेला?"

हा प्रश्न येणार हे त्याला कळायला हवं होतं. आता सांगावं, एका वाक्यात सांगावं. मी एक ओळ लिहिली होती, ती चुकीची होती हे मला माहीत होतं, मी ती बदलली नाही. वाक्य जिभेवर आलं होतं. ती समोर होती, डोळे सुजलेले, मोकळी झालेली, आणि त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की त्याच्याच्याने तो विश्वास मोडवेना. निदान त्याने स्वतःला असं सांगितलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटली. ती बाई ओरडेल, शेजारी जमतील, मुलीला फोन होईल, वकील येईल, ही भीती. आणि तिच्याही खाली, तिच्या नजरेतून उतरण्याची भीती, जिला तो अर्ध्या तासापूर्वी ओळखतही नव्हता. "सिस्टीम जुनी होती," तो म्हणाला. "जुनं तंत्रज्ञान होतं. त्यात कधी कधी निरोप हरवायचे. आता काढतोय आम्ही ते."

"काढा हो," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणावर ही वेळ नको." ती उठून आत गेली आणि बशीत दोन नारळाच्या वड्या घेऊन आली. "तुम्ही मुद्दाम सांगायला आलात. कोण येतं आजकाल? देव तुमचं भलं करो." त्याने वडी घेतली. ती वेलदोड्याची होती, साखर दाताखाली करकरत होती, आणि ती गिळेपर्यंत आशालता समोर उभी राहून बघत होती म्हणून त्याला दुसरीही खावी लागली.

घरी आल्यावर रेजिनाने, ती गावातल्याच शाळेत शिकवते, वह्यांतून डोकं वर काढून विचारलं, "आज लवकर? बरं नाय काय तुला?" एका पेशंटच्या बायकोला भेटून आलो, त्याने सांगितलं, तिला वाटत होतं तिची चूक झाली, तिची चूक नव्हती हे सांगून आलो. रेजिनाने पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तिच्या नजरेत हे कौतुक त्याने क्वचितच पाहिलं होतं. "चांगलं केलंस ज्युलियस," ती म्हणाली. "एवढं कोण करतंय? शनिवारी फादर पापनिवेदनाला बसणार आहेत, येशील ना माझ्याबरोबर?" तो येतो म्हणाला. सोळा वर्षं तो दर नाताळ-ईस्टरला त्या जाळीपाशी गुडघे टेकत आला होता, आणि रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली ही ठरलेली यादी सांगून मोकळा होत आला होता. त्या सोळा वर्षांत माणसं मरत होती आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. ठाऊक नसलेल्याची क्षमा असते, असं त्याला शिकवलं होतं. आता ठाऊक होतं. शनिवारी काय सांगायचं, याचा विचार करताना त्याच्या लक्षात आलं की आपण तिथेही 'जुनं तंत्रज्ञान' म्हणू, आणि फादर मान हलवतील.

शुक्रवारी त्याने पान लिहिलं. वीस मिनिटांत झालं. आशालताच्या घरी ते आधीच लिहून झालं होतं. ही सोय कालबाह्य आहे, तिला भवितव्य नाही, ती जाणणारी माणसं मिळत नाहीत, आत काय चुकतं याचा माग काढणं अवघड आहे, ती काढून बाहेरची नवी यंत्रणा घ्यावी. खाली सही. आकडे नव्हते. अश्लेषाने ते उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. "सर," ती म्हणाली आणि तिचा आवाज खरोखर भरून आला होता, "मला वाटलं होतं तुम्ही हिच्यासाठी भांडाल. स्वतःच्या अठरा वर्षांच्या कामाबद्दल इतकं प्रामाणिकपणे कोणी लिहीत नाही. मी हे वर सगळ्यांना दाखवणार आहे." आणि तिने दाखवलं. पुढच्या मीटिंगला त्याला बोलावलं गेलं. त्याला सल्लागार म्हणून निवृत्तीपर्यंत ठेवायचं ठरलं, अशा माणसाची कंपनीला गरज आहे म्हणून. म्हणजे नोकरीही राहिली. त्याने जे जे गमवायची तयारी केली होती त्यातलं काहीच गेलं नाही, आणि हे कोणाला सांगावं तर ऐकणारा पेढे मागितल्याशिवाय राहिला नसता.

नवी यंत्रणा बसायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्याने ती यादी रोज उघडली. चाळीस दारं राहिली होती. कोणी त्या दिवशी बाजारात गेलं असेल, कोणी फोन चार्जिंगला लावून झोपलं असेल, कोणाचा मुलगा गाडी चालवत असेल. आणि एखादा वाचलाही असेल, त्याला काही माहीतच नसेल. प्रत्येक घरात कोणीतरी स्वतःला विचारत असेल असं नाही. पण एका घरात तरी विचारत असेल. नायगावला जायचं त्याने दोनदा ठरवलं. एकदा तर तो स्कूटर घेऊन निघाला, आणि तिथेही आपण तेच बोलू, तिथेही आपले हात हातात घेऊन कोणीतरी आभार मानील, पुन्हा काहीतरी गोड खायला देईल, हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की सातिवलीच्या नाक्यावरून तो परत फिरला. खरं बोलायला त्याला जमणार नव्हतं आणि अर्धं खरं पुन्हा गिळवणार नव्हतं. याला काय म्हणायचं ते त्याला कळत नव्हतं. नालायकपणा म्हणायचा, दुसरं काय.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी अश्लेषा लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी आली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. नवी यंत्रणा आठवडाभर बिनबोभाट चालली होती. आता जुनी रांग आणि तिच्या सगळ्या नोंदी पुसून टाकायच्या होत्या. "एकदा विचारते सर," ती म्हणाली, "हा जुना डेटा ठेवायचा का? पुढेमागे कधी काही शोधायला लागेल? तुम्ही म्हणालात तर ठेवते मी, जागेचा प्रश्न नाही." तिने ते खरंच विचारलं होतं, आणि त्याच्या उत्तरासाठी ती थांबली होती. बाहेर मालाचा टेम्पो मागे घेताना कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. ज्युलियसने पडद्यावरच्या, नोंदी पुसून टाकायच्या आज्ञेकडे पाहिलं. ठेवा म्हटलं असतं तर ठेवलं असतं. उद्या, परवा, वर्षाने, कधीतरी त्याला धीर झाला असता, किंवा त्याच्यानंतर दुसऱ्या कोणाला झाला असता.

"नको," तो म्हणाला. "त्यात काही नाही."

"मग पासवर्ड तुमचाच लागेल," असं म्हणून तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि सभ्यपणे तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याने तो एका दमात, एकही अक्षर न चुकता टाइप केला.